मामांचा फोन हँग, घड्याळ ४३ टक्क्यांवर अडकलेलं आणि घरी वायफाय नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तासगाव तालुक्यातलं गाव, घरी वायफाय नाही. सासऱ्यांचा म्हणजे मामांचा फोन चार वर्षांचा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, आणि तो इतका हँग होतोय की रिंग वाजते पण स्क्रीनवर उचलायचं बटण येईपर्यंत समोरचा कट करतो. त्यात पुण्याच्या भाऊजींनी मामांना स्मार्टवॉच पाठवलंय, ते सारखं अपडेट मागतंय आणि अपडेट लावलं की ४३ टक्क्यांवर जाऊन बसतंय. रिचार्ज दिवसाला दीड जीबीचा. दुकानदार म्हणाला वायफायशिवाय होत नाही आणि फोन पण आता बदला.

सांगलीत माझं रिपेअरिंगचं काउंटर आहे, कीपॅडवाल्या फोनपासून हेच काम करतोय. माझं मत सांगू का, घड्याळाला काही झालेलं नाहीये. असल्या घड्याळाचं अपडेट फोनमधनंच जातं, आणि फोन स्वतःच दमलेला असला की तो मध्येच त्या घड्याळाच्या ॲपला मारून टाकतो, मग अपडेट जिथं होतं तिथंच थांबतं. तुमचं दुखणं दोन नाही, एकच आहे. म्हणून घड्याळ दोन दिवस कपाटात ठेवा, आधी फोन बघू.

पहिली गोष्ट, फोन स्लो आहे का नेट स्लो आहे हे बघा, कारण लोक दोन्हीला हँगच म्हणतात. फोन फ्लाइट मोडवर टाका. मग कॅल्क्युलेटर उघडा, गॅलरी उघडा, कॉन्टॅक्टमध्ये एखादं नाव टाइप करून बघा. हे सगळं चटचट होत असेल तर फोन बरा आहे, नेटचा घोळ आहे. आणि नुसतं नाव टाइप करताना अक्षर दोन सेकंदांनी उमटत असेल तर मग फोनच. तुमच्या केसमध्ये कॉल उचलायला वेळ लागतोय म्हणजे फोन आहेच, पण नेटचाही थोडा वाटा असणार बघा. दीड जीबी संपला की नेट बंद होत नाही, स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी. त्या स्पीडला १०० एमबीची फाईल उतरवायला साडेतीन तास लागतात, ते पण मध्ये तुटलं नाही तर. व्हॉट्सॲपचा नुसता मेसेज जातो म्हणून माणसाला वाटतं नेट चालू आहे, आणि बाकी सगळं गोल गोल फिरत बसतं. मामा सकाळी चहाबरोबर व्हिडिओ बघत असतील तर दुपारपर्यंत कोटा संपलेला असतोय, आणि तुम्ही अपडेट लावताय संध्याकाळी.

आता फोन. सेटिंगमध्ये स्टोरेज उघडा आणि ६४ पैकी किती भरलंय बघा. माझा अंदाज ५८-६० च्या पुढं असणार. इथंच खरी गोम आहे, लोक रॅम रॅम करत बसतात आणि स्टोरेजकडं कुणी बघत नाही.

भरलेल्या स्टोरेजनं फोन स्लो का होतो ते तुम्हाला बेदाण्याच्या शेडवरनं सांगतो, तुमच्याकडं घरोघरी माहिती आहे. रॅकवर सगळ्या जाळ्या मोकळ्या असल्या की नवीन माल नुसता पसरायचा, काम झालं. पण सगळे थर भरलेत आणि अजून चार क्रेट आले, तर आधी कुठलातरी थर उतरवायचा, त्यातला वाळलेला बाजूला काढायचा, राहिलेला दुसरीकडं सरकवायचा, मग नवीन टाकायचा. फोनमधली मेमरी अशीच चालते. तिच्यात जुन्या लिखाणावर तसंच नवीन लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. जागा मोकळी असली की फोन हे काम निवांत मागं करत बसतो, जागा नसली की तुम्ही बटण दाबल्यावर करतो, आणि तेवढ्यात तिकडं कॉल कट. स्वस्तातल्या फोनमध्ये ईएमएमसी म्हणून जी मेमरी असते ती मुळातच महागातल्या यूएफएसपेक्षा हळू, त्यामुळं हा त्रास जास्त जाणवतो. ६४ च्या फोनमध्ये १० ते १२ जीबी कायम मोकळे पाहिजेत असा माझा हिशोब.

मोकळे कुठनं करायचे तर पहिलं व्हॉट्सॲप. गेल्या द्राक्षाच्या सीझनला एक काका आले होते, फोन काउंटरवर ठेवला, व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज उघडलं, २३ जीबी! खाली ग्रुपची यादी लागली, सगळ्यात वर बाजारभावांचा ग्रुप, मग फवारणीच्या सल्ल्याचा, मग दोन भजनाचे, मग भावकीचा. एकच व्हिडिओ, द्राक्षावर डाऊनी रोग आल्यावर काय मारायचं त्याचा, सहा ग्रुपवरनं सहा वेळा येऊन पडलेला. काकांना विचारलं हा बघितला का, म्हणाले एकदा पण नाही, मला माहितीय काय मारायचं ते. तर तिथं वरती ५ एमबीपेक्षा मोठ्या फाईल आणि बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेल्या फाईल असे दोन कप्पे दिसतात, पहिले ते दोन रिकामे करा. पण मामांना शेजारी बसवून करा हं, कारण सातबाऱ्याचा फोटो, औषधाची चिठ्ठी, नातवाचा पहिला व्हिडिओ हे सगळं त्याच ढिगात असतं. जे ठेवायचं त्या मेसेजला आधी स्टार मारा, किंवा फोटो भाऊजींना पाठवून ठेवा.

मग तिथंच ऑटो डाउनलोड बंद करा, मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्हीवर फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट सगळ्यांच्या टिका काढा. यानं स्टोरेज पण वाचतं आणि दीड जीबी पण. हे एवढं एक केलं तरी दुपारपर्यंत डेटा संपायचा थांबेल.

आणि एक, डिलीट केलेलं गॅलरीच्या बिनमध्ये जाऊन महिनाभर पडून राहतं. लोक अर्धा तास बसून डिलीट करतात आणि म्हणतात जागा तेवढीच. बिन रिकामा करा. फाईल मॅनेजरमध्ये व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ फोल्डरमध्ये सेंट (Sent) म्हणून आणखी एक फोल्डर असतो, तुम्ही दुसऱ्यांना जे पाठवलं त्याची कॉपी तिथं असते, तो कुणी बघतच नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन क्लिअर कॅशे दाबलं तरी चालतं, पण त्याच्या शेजारचं क्लिअर डेटा मात्र व्हॉट्सॲपला आणि पैशाच्या ॲपला चुकून दाबू नका, एकाचे चॅट गेले समजा आणि दुसऱ्याला परत सिम व्हेरिफाय करत बसा.

रॅमचं म्हणाल तर ४ जीबीत आज भागतं, ओढूनताणून. पण बऱ्याच फोनमध्ये रॅम प्लस किंवा एक्स्टेंडेड रॅम म्हणून एक स्विच असतो, कंपनी जाहिरातीत ४ अधिक ४ असं लिहिते. ती रॅम नव्हे. स्टोरेजमधला तुकडा रॅम म्हणून वापरला जातो, आणि आपलं स्टोरेज आधीच हळू आणि भरलेलं. मी अशा फोनमध्ये तो स्विच बंद करतो, रिस्टार्ट करतो, बहुतेक वेळा फरक लगेच हाताला लागतो. नाही लागला तर परत चालू करा, त्यात नुकसान काही नाही.

क्लिनर, बूस्टर, बॅटरी डॉक्टर असली ॲप असतील तर पहिली उडवा. ती स्वतःच मागं चालू राहून फोन खातात. फुल स्क्रीन जाहिराती मधनंच येत असतील तर जाहिरात आल्या आल्या रिसेंटचं म्हणजे चालू ॲप दाखवणारं बटण दाबा, त्या खिडकीच्या वर ज्या ॲपचं चिन्ह दिसेल तोच चोर, बऱ्याचदा टॉर्च नाहीतर क्यूआर स्कॅनर निघतो. आणि मामांच्या व्हॉट्सॲपवर पीएम किसान किंवा आरटीओ चलन किंवा लग्नपत्रिका अशा नावाची एपीके फाईल, म्हणजे दाबली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल, आली असेल आणि त्यांनी ती दाबली असेल, तर हे सगळं वाचायचं बाजूला ठेवा, आधी नेट बंद करा आणि बँकेला फोन करा. फोन स्लो होणं हा त्यातला सगळ्यात छोटा त्रास आहे.

कुठलं ॲप गोंधळ घालतंय कळत नसेल तर सेफ मोड. पॉवरचं बटण दाबून धरा, स्क्रीनवर पॉवर ऑफ आलं की त्याच्यावर बोट दाबून ठेवा, बऱ्याच फोनमध्ये सेफ मोड विचारतो. यात फक्त कंपनीची मूळ ॲप चालतात. सेफ मोडमध्ये फोन पळत असेल तर हार्डवेअर ठीक आहे, तुम्ही टाकलेल्याच कुठल्यातरी ॲपचा दोष. एक नेहमीसारखा रिस्टार्ट केला की सगळं परत जागेवर.

उन्हाचं पण सांगतो, आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला जातो आणि फोन बागेत बनियनच्या खिशात किंवा बाईकच्या स्टँडवर उन्हात. फोन तापला की प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो, स्वतःला जाळून घेऊ नये म्हणून. ते बिघाड नाही. पण सावलीत, काही न करता फोन गरम राहतोय, किंवा मागचं कव्हर एका बाजूनं उचललं गेलंय आणि टेबलावर ठेवून फिरवला की भोवऱ्यासारखा फिरतोय, तर बॅटरी फुगलीय. तो फोन चार्जिंगला लावू नका, सरळ घेऊन या, मग तुमच्या गावच्या दुकानात का होईना.

फॅक्टरी रिसेट, ज्याला लोक सॉफ्टवेअर मारून द्या म्हणतात, ते शेवटचं. त्यानं फोन खरंच मोकळा होतो, पण रिसेट झाल्यावर फोन आधीच्या गुगल अकाउंटचा पासवर्ड मागू शकतो, तो नसला तर फोन वीट झाला. माझ्याकडं महिन्याला असे दोन तरी येतात. जीमेल काढून दिलेलं असतं ज्यानं फोन विकला त्या पोरानं, पासवर्ड कुणालाच माहिती नाही, आणि तो पोरगा आता दुकान सोडून गेलाय. तर रिसेटच्या आधी जीमेल आणि पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून, एकदा खरंच उघडतोय का बघून, मगच.

दोन दिवस असा फोन वापरून बघा. कॉल वेळेत उचलता यायला लागला की घड्याळ काढा कपाटातनं.

घड्याळात दोन जाती आहेत आणि दुकानदार कुठल्या जातीबद्दल बोलला त्यावर तो खरा का खोटा ठरतं. आपल्याकडं दोन-तीन हजारात मिळणारी बहुतेक घड्याळं स्वतः नेटला जोडतच नाहीत, त्यांच्यात वायफायच नसतं. ॲप फोनच्या डेटावर फाईल उतरवून घेतं आणि ब्लूटूथनं घड्याळात ढकलतं. फाईल साधारण काही एमबी ते काही दहा एमबीची. याला वायफाय कशाला पाहिजे? दुसरी जात म्हणजे ॲपल वॉच आणि वेअर ओएस या गुगलच्या सॉफ्टवेअरवाली, गॅलेक्सी वॉच ४ पासूनची पण यातलीच, त्यांची अपडेट काहीशे एमबी, कधी जीबीच्या पुढं, तिथं वायफायचा प्रश्न खरा आहे. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरनं तुमचं पहिल्या जातीचं दिसतंय.

४३ टक्क्यांवर थांबलं म्हणजे डाउनलोड झालेलं असतं आणि ब्लूटूथनं पाठवताना तुटतंय असं बहुतेक वेळा निघतं. ब्लूटूथ लय हळू असतं, छोट्या फाईललाही १५-२० मिनिटं सहज. मामा फोन खिशात टाकतात, स्क्रीन बंद होते, फोन म्हणतो हे ॲप कशाला चालू आहे, मारा. झालं. तर फोनच्या सेटिंगमध्ये त्या घड्याळाच्या ॲपच्या बॅटरीत जा आणि अनरिस्ट्रिक्टेड किंवा नो रिस्ट्रिक्शन करा, ऑटोस्टार्ट असेल तर तो चालू करा. परमिशनमध्ये अँड्रॉइड १२ किंवा पुढचा असेल तर निअरबाय डिव्हायसेस चालू पाहिजे, ११ किंवा आधीचा असेल तर लोकेशन चालू पाहिजे, कारण जुन्या अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथवर शोधायलाच लोकेशन लागायचं. लोकांना वाटतं कंपनी आपल्यावर नजर ठेवतेय म्हणून बंद करून टाकतात आणि मग घड्याळ सापडत नाही.

मग घड्याळाचं चार्जिंग बघा. मागं दोन-चार पितळी ठिपके असतात ना, त्यावर घाम आणि धूळ बसून हिरवट-काळा थर जमतो. परवाच एक घड्याळ आलं होतं, मार्केट यार्डात हळदीच्या गोडाऊनवर काम करणाऱ्याचं, ठिपक्यांवर पिवळा लेप, मी आयपीए लिक्विडमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) जुना टूथब्रश बुडवून घासला तर ब्रशच पिवळा झाला. ते चार्जर लावलं की चार्जिंगचं चिन्ह दाखवायचं पण बॅटरी चढायचीच नाही, आणि बॅटरी कमी असली की घड्याळ अपडेट घेतच नाही. घरी आयपीए नसेल तर कोरडा मऊ ब्रश चालेल, ब्लेड किंवा पिन लावू नका.

आता वेळ. रात्री बारा वाजता दीड जीबी नवीन मिळतो, आणि पहाटे टॉवरवर गर्दी नसते. मामा पाचला उठतच असतील. त्या वेळी फोन आणि घड्याळ एकाच टेबलावर शेजारी शेजारी, घड्याळ चार्जरवर, फोन पण निम्म्याच्या वर चार्ज, इअरबड किंवा गाडीचं ब्लूटूथ जोडलेलं नको, डिस्प्लेची स्क्रीन टाइमआउट १० मिनिटं किंवा जितकी जास्त होईल तितकी करा, अपडेट लावा आणि चहा घ्या. मध्ये फोनला हात लावायचा नाही, रील तर अजिबात नाही. पहाटे करायचं अजून एक कारण म्हणजे कॉल येत नाहीत, ब्लूटूथ कॉलिंगवाल्या घड्याळात मध्येच कॉल आला तर तेवढ्यानं पण तुटतं.

कुठल्या ॲपनं हट्टच धरला की वायफाय पाहिजे, तर तुमच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि मामांचा फोन त्याला जोडा. मामांच्या फोनला ते वायफायच दिसतं. तरीपण नाही म्हणालं तर मामांच्या फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये तुमच्या हॉटस्पॉटच्या नावावर जा, नेटवर्क युसेजमध्ये ट्रीट ॲज अनमीटर्ड करा. अँड्रॉइडला दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट ओळखता येतो आणि तो त्याला मोजून मिळणारा डेटा समजून मोठे डाउनलोड थांबवतो, ते असं उघडतं. पण इथं एक फटका बसतो आणि तो मी स्वतः खाल्लाय. अनमीटर्ड केलं की फोनला वाटतं फुकटचं वायफाय मिळालं, लगेच प्ले स्टोअर सगळी ॲप अपडेट करायला घेतो, फोटोचा बॅकअप सुरू होतो, दहा मिनिटात तुमचा दीड जीबी साफ आणि घड्याळ तिथंच. म्हणून आधी प्ले स्टोअरचं ऑटो अपडेट आणि गुगल फोटोचा बॅकअप बंद, मग हॉटस्पॉट. काम झालं की परत मीटर्ड करून ठेवा.

दुसऱ्या जातीचं घड्याळ असलेल्यांसाठी पटकन. घड्याळाला हॉटस्पॉट दिसतच नसेल तर हॉटस्पॉटचा बँड ५ वरनं २.४ गिगाहर्ट्झ करा, ॲपल वॉच सिरीज ५ पर्यंतची फक्त २.४ च ओळखतात. हॉटस्पॉट देणारा फोन आयफोन १२ किंवा पुढचा असेल तर मॅक्झिमाइज कंपॅटिबिलिटी चालू करा, तेच काम होतं. ॲपल वॉच चार्जरवर आणि ५० टक्क्यांच्या वर पाहिजे. वॉचओएस म्हणजे ॲपल वॉचचं सॉफ्टवेअर, त्याच्या ६ पासून घड्याळातनंच सॉफ्टवेअर अपडेट करता येतं. स्टेशनसारखं ओटीपी मागणारं वायफाय घड्याळाला चालत नाही कारण ओटीपीचं पान घड्याळावर उघडत नाही. फोनला मात्र चालतं. रेल्वे स्टेशनवर रेलटेल या रेल्वेच्या कंपनीचं वायफाय पहिली ३० मिनिटं फुकट असतं, मोठ्या फाईलला ते पुरणार नाही पण साध्या घड्याळाच्या ॲपला भरपूर झालं.

पुन्हा अडकलंच तर लगेच रिसेट नको. घड्याळ लोगोवर थांबलं असेल तर चार्जरवर अर्धा तास तसंच राहू द्या, मग बाजूचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा. त्यानंही नाही झालं तर ॲपमधनं अनपेअर करा म्हणजे जोडणी तोडा, आणि फोनच्या ब्लूटूथ यादीतनं पण ते नाव काढा, दोन्हीकडनं काढलं नाही तर परत जोडताना नाटक करतंय. मामांची पावलं आधी सिंक करून घ्या, अनपेअरमध्ये उडतात.

आणि खरं सांगायचं तर वेळ बरोबर दाखवतंय, कॉल आला की थरथरतंय, पावलं मोजतंय, तर साध्या घड्याळाचं अपडेट राहिलं तरी काही बिघडत नाही. घड्याळावर बीपी दाखवतंय म्हणून अपडेट पाहिजे असेल तर ते बीपी बघूच नका, मिरज एवढी जवळ आहे, दंडाला पट्टा बांधून मोजून घ्या.

पहाटे करून बघा आणि सांगा काय होतंय. परत ४३ वरच थांबलं तर घड्याळाच्या मागं बारीक अक्षरात मॉडेल नंबर असतो, मामांचा चष्मा घेऊन वाचा आणि तो लिहा, फोनचं अँड्रॉइड कितवं आहे ते पण. काही मॉडेलची फाईलच खराब आलेली असते, तसं असेल तर पुढची फाईल येईपर्यंत थांबावं लागेल.